कापडी जीपला कुलूप

ऑफिसचा लॅपटॉप चोरीला गेला की एक फॉर्म भरावा लागतो. कधी गेला, कुठून गेला, शेवटचा कधी पाहिला, डिस्क एन्क्रिप्टेड होती का, वगैरे. त्यात एक प्रश्न होता : 'वाहनातून गेला असल्यास, वाहन लॉक केलेलं होतं का?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत बसलो. लॅपटॉप काकांच्या जीपमधून गेला होता आणि त्या जीपला लॉकच नाही. 'होय'वर टिक केली तर खोटारडेपणा. 'नाही'वर केली तर वाचणाऱ्याला वाटणार, लॉक होतं आणि या माणसाने लावलं नाही. 'लॉक नावाची वस्तूच नव्हती' असा तिसरा चौकोन फॉर्म करणाऱ्याला सुचला नव्हता. त्याला तरी का दोष द्या, मीही दिवसभर असेच फॉर्म बनवतो.

शेवटी 'नाही'वर टिक केली.

ही जीप म्हणजे 1992 सालची महिंद्रा एमएम 540. प्युजोचं डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचं हूड, मागे समोरासमोर दोन लांब बाकं. दरवाजे म्हणजे लोखंडी चौकटीवर ताणलेलं रेक्झिन, वरच्या अर्ध्या भागात पिवळी पडलेली प्लास्टिकची खिडकी आणि तिला चेन. काकांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. भिवंडीत आमच्या घराच्या आणि शेजारच्या लूमच्या कारखान्याच्या मध्ये एक बोळ आहे, तिथे ती उभी असते. पंधरा वर्षांनंतरचं पुन्हा रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर, सगळं काका मुकाट्याने भरतात. या गाडीच्या बाबतीत त्यांच्याशी हिशेबाची भाषा बोलायची नाही असा घरात अलिखित नियम आहे.

दाराला कुलूप नसणं हा या गाडीचा दोष नाही, वंश आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला दरवाजेच नव्हते. सुरुवातीच्या जीपना इग्निशनची चावी होती, पण सगळ्या जीपना एकच चावी चालायची. पुढे तीही काढून नुसता फिरवायचा खटका बसवला. लष्कराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. गोळीबार चालू असताना चावी कोणाच्या खिशात आहे हे शोधत बसायला वेळ कोणाला? जी वस्तू सगळ्यांची आहे तिला कुलूप नको, तिला तयार असायला हवं. (तरीही काही ड्रायव्हर स्टिअरिंगला साखळी आणि टाळं लावायचे म्हणे. सगळ्यांच्या वस्तूतही 'माझी' कुठूनतरी शिरतेच.)

श्रीमंतांच्या उघड्या गाड्यांचीही गंमत वेगळी नव्हती. 1955 साली आलेल्या एमजीए या देखण्या इंग्लिश रोडस्टरला दाराच्या बाहेरच्या बाजूला हँडलच नव्हतं. हात आत घालायचा आणि दोरी ओढायची. त्याच गाडीचं पक्क्या छपराचं मॉडेल निघालं तेव्हा त्याला हँडलही आलं आणि कुलूपही. छप्पर पक्कं झालं की कुलूप सुचतं. कापडाच्या छपराखाली ते कोणाला सुचत नाही, कारण कापड म्हणजे ब्लेडच्या एका फटकाऱ्याचा प्रश्न. कन्व्हर्टिबल चालवणाऱ्यांमध्ये एक शहाणपण जगभर मुरलेलं आहे : गाडी उघडीच ठेवा, आत काही ठेवू नका. चोराने दोनशे रुपयांच्या गॉगलसाठी हूड फाडलं तर हूड शिवायला जे लागेल त्यात असे कितीतरी गॉगल येतील.

मी नेमका दुसरा अर्धा भाग विसरलो. गेल्या वर्षी जुलैमधली गोष्ट. सकाळी काकांची जीप घेऊन ठाण्याला गेलो होतो, दुपारी एकला परत आलो, पाऊस धो धो होता. बॅग मागच्या बाकाखाली सरकवली आणि पाऊस थांबल्यावर नेऊ म्हणून घरात पळालो. जेवलो, जरा पडलो. चार वाजता आठवण झाली. बॅग नव्हती.

आता इथे एक माणूस येतो. शेजारच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एक विणकर आहेत, उत्तर प्रदेशातल्या मऊकडचे, पन्नाशीचे. मी त्यांना चाचा म्हणतो. बारा तासांची पाळी. त्यांच्या खोलीत दिवसा जितकी माणसं झोपतात तितकी जागा त्या खोलीत नाही, त्यामुळे भिस्सीत जेवून ते दुपारी जीपमध्ये येऊन झोपतात. किती वर्षं, कोण जाणे. काकांनी कधी 'झोपा' म्हटलं नाही आणि 'झोपू नका' असंही म्हटलं नाही. त्या दिवशीही ते झोपले होते आणि तीनच्या सुमारास उठून गेले होते.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. हे वाक्य मी तेव्हा स्वतःला बऱ्याच वेळा ऐकवलं. मी फक्त मोठ्या आवाजात विचारलं, की दुपारी जीपमध्ये कोण होतं. बोळात सगळ्यांना ठाऊक होतं कोण होतं. अर्ध्या तासात कारखान्याचे शेठ आले, दोनचार माणसं जमली आणि चाचांना त्यांची पेटी आणायला सांगितलं गेलं. पत्र्याची पेटी, हिरवा रंग उडालेली. तिला एक छोटं पितळी कुलूप होतं.

त्या कुलपाकडे मी अजूनही अधूनमधून बघत असतो, म्हणजे मनात. आमच्या बोळात जीप उघडी, आमच्या घराचं दार दिवसभर उघडं, कारखान्याचं शटर चोवीस तास वर. सगळ्या बोळात कुलूप लावलेली एकच वस्तू होती, आणि ती ज्याच्याकडे सगळ्यात कमी होतं त्याची. आणि ती आम्ही उघडायला लावली. आमच्याकडे कुलूप नव्हतं म्हणून त्याचं उघडलं. चाचांनी कमरेच्या दोऱ्याची चावी काढली. आत दोन लुंग्या, एक चांगला शर्ट, औषधाची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद, बायकोचा फोटो असावा. लॅपटॉप अर्थातच नव्हता. तो कधीच सापडला नाही. चाचा पेटी बंद करून, कुलूप लावून, पाळीवर गेले. मी 'सॉरी' म्हणालो की नाही हे मला आठवत नाही, याचा अर्थ म्हणालो नसणार.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, "जीपला लॉक बसवून घेऊया."

"कशाला?" काका म्हणाले. "तीस वर्षांत काय गेलं? तुझी एक बॅग."

"आणि त्या चाचांची पेटी उघडली ती?"

"ती तुझ्यामुळे उघडली, जीपमुळे नाही."

काकांचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते फालतू नाही. त्यांच्या मते कुलूप हे एक बोलणं आहे. ते जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं, की तू चोर असू शकतोस. शंभर माणसं जातात त्यातला एक चोर. त्या एकासाठी नव्व्याण्णवांचा रोज अपमान का करायचा? शिवाय ही जीप रात्री-अपरात्री कोणाच्याही कामाला गेलेली आहे. बाळंतपणाला, साप चावलेल्याला, एकदा तर पुरात अडकलेल्या लोकांना आणायला काका घरी नसताना शेजारी घेऊन गेले. चावी कुठे लटकवलेली असते ते अर्ध्या आळीला माहीत आहे. विलीजचीच परंपरा म्हणायची.

काका शनिवारी जमेल तेव्हा शिंगणापूरला जातात. त्यामुळे वादात ते येणारच होतं. "आख्ख्या गावाला दारं नाहीत," ते म्हणाले. "चौकट आहे, दार नाही. आणि तू एका जीपचं घेऊन बसलायस."

शनि शिंगणापूरची ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. पण त्या गोष्टीत विश्वास किती आणि भीती किती, हे मला नेहमी पडलेलं कोडं आहे. तिथली समजूत अशी, की चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही. म्हणजे गावाने माणसांवर विश्वास टाकलेला नाही, पहारेकऱ्यावर टाकलेला आहे. पहारेकरी दिसत नाही एवढंच. 2011 च्या जानेवारीत यूको बँकेने तिथे शाखा काढली तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून बातम्या आल्या. पण बँकेच्या काचेच्या दाराला रिमोटवर चालणारं, सहज नजरेत न भरणारं विद्युतचुंबकी लॉक होतं. मला ती तडजोड हास्यास्पद वाटत नाही. उलट त्यात एक प्रामाणिक अडचण दिसते. गावकऱ्याने आपलं घर उघडं ठेवलं तर तो आपल्या वस्तूंवर पाणी सोडायला तयार आहे. बँकेकडे असलेला पैसा बँकेचा नाही. दुसऱ्याच्या पैशावर आपली श्रद्धा पणाला लावायचा अधिकार मॅनेजरला कुठून येणार?

माझ्या लॅपटॉपचंही तेच. तो माझा नव्हता, त्यातलं काम माझं नव्हतं, ज्यांची माहिती त्यात असू शकत होती त्यांनी काकांच्या तत्त्वज्ञानाला होकार दिलेला नव्हता. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तो जीपमध्ये ठेवायचा नव्हतास." बरोबर होतं. याला उत्तर नव्हतं. इथे माझा मुद्दा संपला असता आणि हा लेखही.

तरी मी कल्याण रोडवरच्या एका फॅब्रिकेटरकडे जीप घेऊन गेलो, नुसतं विचारायला. त्याने दार दोनदा हलवून बघितलं, हसला आणि म्हणाला, रेक्झिनच्या दाराला लॉक म्हणजे धोतराला खिसा. आधी पत्र्याची अर्धी दारं करावी लागतील. त्यात लॅच बसेल, चौकटीच्या खांबावर त्याची खुंटी बसेल, बाहेरून चावीचं हँडल. मग तो खरा प्रश्न सांगायला लागला. अर्ध्या दाराच्या वर खिडकी प्लास्टिकचीच राहणार. चेन उघडायची, हात आत घालायचा, आतलं हँडल ओढायचं, दार उघडलं. तुमच्या लॉकला कोणी विचारत नाही.

"मग आतलं हँडल काढून टाकायचं?" मी विचारलं.

"काढतो. मग गाडी नाल्यात गेली तर तुम्ही कसे बाहेर येणार?"

आतून चावी लावायची केली तरी तेच. अंधारात, पाण्यात, घाबरलेला माणूस भोकात चावी घालू शकत नाही. बाहेरच्याला अडवण्यासाठी जे जे करावं ते आधी आतल्याला अडवतं. हे मी कामात रोज बघतो. पासवर्डचे नियम इतके कडक केले, की लोक पासवर्ड चिकटवून ठेवतात मॉनिटरला. पण तिथे कोणी बुडत नाही. फॅब्रिकेटर ज्या सहजतेने म्हणाला, 'आतलं हँडल ठेवायचंच', त्यात मला आमच्या सगळ्या डिझाइन रिव्ह्यूंपेक्षा जास्त अक्कल दिसली. म्हणजे शेवटी आम्ही असं कुलूप लावणार होतो जे कोणीही हात घालून उघडू शकेल. मग ते लावायचं कशासाठी?

चांगल्या कुलपाचीही कथा फार वेगळी नाही, हे त्या रात्री वाचताना कळलं. लंडनच्या ब्रामा कंपनीने दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं होतं आणि ते चावीशिवाय उघडणाऱ्याला दोनशे गिनी बक्षीस लावलं होतं. साठएक वर्षं ते कोणाला उघडलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन तास खपून त्याने ते उघडलं. म्हणजे कुलूप कधीच 'नाही' म्हणत नाही. ते 'इतका वेळ लागेल' म्हणतं. आमच्या जीपचं कुलूप 'चार सेकंद' म्हणणार होतं.

पण मला जास्त आवडलं ते चबचं 1818 सालचं कुलूप. कोणी चुकीच्या चावीने किंवा तारेने ते उघडायचा प्रयत्न केला तर ते अडकून बसायचं. मालकाने पुढच्या वेळी खरी चावी घातली की त्याला कळायचं, कोणीतरी हात लावून गेलं आहे. (हॉब्जने तेही उघडलं, पण तो वेगळा विषय.) या कुलपाचं काम अडवण्याइतकंच सांगण्याचं होतं. ते साक्षीदार होतं. आम्ही सर्व्हरवर लॉग ठेवतो तसं.

कायद्यालाही कुलपाची ताकद मोजायची नसते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत घरात घुसण्याच्या गुन्ह्याची व्याख्या करताना इमारत, तंबू आणि जहाज असे तीन शब्द शेजारी शेजारी आहेत, आणि 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहेत. कापडाचा तंबूही घरच. आणि कुठलंही कुलूप उघडून आत शिरणं म्हणजे घरफोडी. ते पाच लिव्हरचं होतं की पत्र्याचं, हे कायदा विचारत नाही. जीप म्हणजे काही घर नव्हे, तो कायदा तिला तसा लागू होणार नाही. पण विचार लागू होतो. उघड्या जीपमध्ये हात घातला तर 'मी सावलीला बसलो होतो' म्हणता येतं. कुलूप असलेल्या जीपमध्ये हात घालणाऱ्याला काहीतरी ओलांडावं लागतं आणि ओलांडताना ते त्याला कळतं. कुलूप ही दाराच्या जाडीची गोष्ट नसून एक रेघ आहे.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "रेघच काढायची तर खडूने काढ."

मी वाद हरलो होतो आणि कुलूप बसलं नसतं. बसलं ते चाचांमुळे.

पेटीच्या प्रसंगानंतर ते दुपारी जीपमध्ये येईनासे झाले होते. पंधराएक दिवसांनी भिस्सीबाहेर भेटले. मी धीर करून माफी मागितली. त्यांनी हात झटकला, तो विषय नको म्हणून. मी म्हटलं, जीप तुमचीच समजा, पहिल्यासारखे येत जा. त्यावर ते थोडं थांबून म्हणाले, "भैया, ताला लगवा लीजिए."

मला वाटलं ते रागाने म्हणत आहेत. तसं नव्हतं. त्यांनी मला शांतपणे समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात. गाडी उघडी असली की काहीही गेलं तरी आधी आम्हाला विचारणार. डिझेल कमी झालं, आम्ही. जॅक हरवला, आम्ही. एकदा स्टेपनी गेली होती (हे मला माहीतच नव्हतं), तेव्हाही शेठने त्यांनाच विचारलं होतं. कुलूप असेल तर निदान असं तरी म्हणता येईल, की गाडी बंद होती, आमचा संबंध नाही.

तीस वर्षं काका ज्याला विश्वास म्हणत होते त्याचं बिल कोण भरत होतं, हे मला तेव्हा कळलं. काकांनी दार उघडं ठेवलं, त्यात काकांचं काय गेलं? एक स्टेपनी. लोक त्यांना दिलदार म्हणाले. पण प्रत्येक वेळी काही हरवलं की ज्याच्यावर बोट जाईल असा एक माणूस त्या दिलदारीला लागायचा. परगावचा, भाड्याच्या अर्ध्या खाटेवर राहणारा, आणि या गावात म्हणजे भिवंडीत, त्याच्या नावावरून आधी त्याचा धर्म कळतो असा. मोकळं दार सगळ्यांसाठी सारखंच मोकळं नसतं. मी त्या जीपमध्ये हात घातला तर मी काकांचा पुतण्या. चाचांनी घातला तर प्रश्न.

भिवंडीबद्दल बोलताना बाहेरची माणसं 1970 आणि 1984 च्या दंगलींचा विषय काढतात, आणि आम्ही जरा चिडतो. आम्हाला 1992-93 ची आठवण काढायची असते. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याचं बरंचसं श्रेय 1988 मध्ये इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपड्यांना आणि त्यांनी गल्लोगल्ली उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांना दिलं जातं. काकांना त्या बैठका आठवतात. ते सांगतात, की दोन्हीकडची साधी माणसं एकत्र बसायची. नळाचं पाणी, गटार, कोणाचं भांडण, असल्याच गोष्टी निघायच्या. कोणी भाईचाऱ्यावर भाषणं देत नव्हतं. पण अफवा उठली की कोणाला विचारायचं हे आधीच ठरलेलं असायचं. मला वाटतं, तो विश्वास अशा व्यवस्थेतून आला. माणसं चांगली आहेत असं समजून दार उघडं टाकल्याने आलेला नव्हता. आणि चाचा जे मागत होते तेही व्यवस्थाच होतं, आमचा मोठेपणा नव्हे.

काकांना मी हे असं सगळं सांगितलं नाही. चाचा काय म्हणाले तेवढंच सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्टेपनीचं मला कोणी सांगितलं नाही."

सप्टेंबरमध्ये काम झालं. पत्र्याची अर्धी दारं, जुन्या व्हॅनची हँडलं, आतलं हँडल जागच्या जागी. बाकाखाली चेसिसला बोल्ट केलेली एक लोखंडी पेटीही करून घेतली, तिला वेगळं कुलूप. खिडकी अजून प्लास्टिकची आहे आणि चेन अजून कोणीही उघडू शकतं. रात्री कोणाला गाडी लागली तर चावी पूर्वीच्याच खिळ्याला आहे, फक्त खिळा आता आमच्या दाराच्या आत आला आहे. बेल वाजवावी लागते. काकांना बेलचा फार राग आहे. मध्यंतरी रात्री दोनला ती वाजली तेव्हा उठून त्यांनी चावी दिली आणि परत झोपताना म्हणाले, पहिल्यांदा कळलं गाडी कोणासाठी चालली आहे ते.

दाराच्या तीन चाव्या आल्या होत्या. तिसरी मी चाचांना द्यायला गेलो. मला त्यात काहीतरी पुसून टाकायचं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. ते चावीकडे बघून हसले आणि हात मागे घेतला. "चाबी रहेगी तो फिर हमीं से पूछेंगे."

ऑफिसात वर्षभरापूर्वी मी स्वतः मॅनेजरला मेल लिहून प्रॉडक्शन डेटाबेसचा माझा अॅक्सेस काढून घ्यायला लावला होता. रात्री तीनला काही बिघडलं की ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्या सगळ्यांना फोन जातो. मला तो फोन नको होता. त्या वेळी याला मी शहाणपण म्हटलं होतं. तरी चाचांनी चावी घेतली नाही तेव्हा मला वाईट वाटलं.

ते आता दुपारी कारखान्याच्या गच्चीवर झोपतात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला. मार्च-एप्रिलमध्ये तिथे कसं होतं ते मी बघून आलो आहे. काकांनी परवा फॅब्रिकेटरला फोन करून विचारलं, की मागच्या बाजूचं हूड वर गुंडाळून ठेवता येईल असं करता येतं का. म्हणजे दारं बंद राहतील आणि मागून बाकावर चढता येईल. तो म्हणाला, करता येतं, पण मग लॉक कशाला बसवलंत?